झाकण 240 रुपयांचं

संस्थेने 2023 च्या मे महिन्यात माझी बदली गगनबावड्याच्या शाखेत केली. कोल्हापूर ते गगनबावडा 55 किलोमीटर, येऊन-जाऊन 110. शाळेतले आणखी दोन शिक्षक कोल्हापुरातूनच जातात. दोघांकडेही कार होती, माझ्याकडे स्कूटर. आठवड्याला एकेकाने गाडी काढायची असं त्यांचं आधीपासूनच ठरलेलं होतं. पहिले दोन आठवडे मी फुकट गेले आणि तिसऱ्या आठवड्याला लाज वाटायला लागली.

नवीन गाडी घ्यायची नाही हे पक्कं होतं, कारण घराचे हप्ते अजून चालू आहेत. दीड लाखाच्या आसपास जी मिळेल ती, पेट्रोलवर चालणारी, लहान. एका एजंटने 2011 ची, तीन सिलिंडरची, हजार सीसीच्या आतली गाडी दाखवली. मीटरवर 61,400 किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी आहे मॅडम. घर ते दवाखाना, एवढीच चाललीय." कोल्हापुरात आजवर जेवढ्या जुन्या गाड्या विकल्या गेल्या, तेवढे डॉक्टर काही या जिल्ह्यात नसतील. पण त्या दिवशी मी मान डोलावली. रंग चकचकीत होता, सीट कव्हर नवीन होती, एसी थंड लागत होता. 1,55,000 ला सौदा झाला. नावावर करण्याचे 4,500 वेगळे.

गाडी आधी घेतली आणि मिस्त्रीला नंतर दाखवली, इथेच पहिली माती खाल्ली.

मिस्त्री उद्यमनगरात बसतात. लेथवर पिस्टन फिरवण्यापासून ट्रॅक्टरचं हेड घासण्यापर्यंत सगळं तिथे हाताच्या अंतरावर होतं, त्यामुळे मिस्त्रींच्या शेडमध्ये सामानापेक्षा माणसांचीच ये-जा जास्त. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरचं दार उघडून खाली वाकले आणि ब्रेक-क्लचच्या पेडलांवरून बोट फिरवलं. रबरावरच्या रेघा पार गेलेल्या, क्लचचं रबर तर एका कडेला गोटीसारखं गुळगुळीत. मग दाराच्या खांबावरची धूळ चिंधीने पुसली. तिथे ऑईल बदलल्याचा अर्धा फाटलेला स्टिकर होता. बॉलपेनने लिहिलेलं : 'पुढील सर्व्हिस 88,000'.

"बाई, गाडी म्होरं पळतीया आन मीटर मागं," मिस्त्री म्हणाले.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, स्टिकर दुसऱ्या गाडीचा असेल. दाराच्या खांबाला चिकटलेला स्टिकर दुसऱ्या गाडीचा कसा असेल, हे विचारेपर्यंत त्याची रेंज गेली. नंतरही ती कधी आली नाही.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. आठवीच्या पोरांच्या उरलेल्या वह्यांतली, मागे पाढे छापलेली. आता जे आकडे देते आहे ते त्या वहीतले, मजुरी धरून. तुमच्या गावात शे-दोनशे इकडे-तिकडे होतील.

पहिल्या फेरीत इंजिन ऑईल, फिल्टर, तीन प्लग, ब्रेक ऑईल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) असं सगळं मिळून 4,200 झाले. टायरला खाचा भरपूर होत्या, त्यामुळे ते चांगले आहेत असं माझं मत. मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचा लंबगोल शिक्का दाखवला : 1416. म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. सात वर्षांचं रबर. अंगठ्याने दाबलं की बाजूला बारीक चिरा उघडत होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. चार टायर 12,800. गाडी बघायला जाताना हे चार आकडे वाचले असते तर निदान घासाघीस तरी करता आली असती.

मग खडखड. खड्ड्यात चाक गेलं की पुढून डब्यात चमचे हलल्यासारखा आवाज यायचा. पुढच्या चाकांच्या सांध्यांतले भाग झिजले होते : लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, एका बाजूचा टाय रॉड एंड आणि शॉकअपच्या वरचे माउंट. या मापाच्या, दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीत हे निघणारच, असं मिस्त्रींचं म्हणणं. मी दुकानात लोकल बुश मागितले, निम्म्या किमतीत मिळत होते. त्यांनी दिले नाहीत. "सा म्हैन्यात परत याल, मजुरी पुन्यांदा द्याल. मला चालतंय, तुमास्नी चालंल का?" ओरिजिनल बसवले. 8,300.

त्याच वेळी ते आणखी एक म्हणाले होते. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या एक्सेलवर रबराचा घड्या घड्यांचा बूट असतो, तो एका घडीवर चिरला होता. आतलं ग्रीस बाहेर उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटला होता. बूट बदलायचे 450. आधीच सतरा हजार गेले होते त्या महिन्यात. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ गणपतीनंतर आली. मधल्या पावसाळ्यात गगनबावड्याचं पाणी आणि लाल चिखल त्या चिरेतून आत गेला. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की कट-कट-कट असा आवाज सुरू झाला. शाळेच्या मैदानात गाडी वळवताना पोरं मागे वळून बघायची. आता नुसत्या बुटाने भागणार नव्हतं, अख्खा जॉइंट घालावा लागला. 3,400.

या सगळ्याचं मला फार वाईट वाटलं नाही. जुनी वस्तू घेतली की झीज असते, ती भरावी लागते. वाईट वाटलं ते गाडी तापायला लागली तेव्हा.

एप्रिल 2024. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघे आणि एक शिपाई मामा असे चौघे येत होतो. एसी चालू. साळवणच्या पुढे तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकला. कळ्याच्या अलीकडे तो लाल पट्टीला टेकला, तशी मी गाडी एका रसवंतीच्या कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरला नळीने जोडलेल्या बाटलीतून कूलंट उकळून बाहेर येत होतं. आमचे भूगोलाचे सर खिशातला रुमाल हातावर गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला पुढे झाले. मागे उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याने अशी आरोळी ठोकली की सरांचा रुमाल हातातून पडला. "ओ साहेब, तोंड भाजून घ्यायचंय काय?" तिथेच पाऊण तास उसाचा रस पीत बसलो. गार झाल्यावर पाणी ओतलं आणि एसी बंद करून हळूहळू घरी आलो.

उद्यमनगर माझ्या घरापासून लांब, आणि शाळेतून यायला सहा-साडेसहा होतात. म्हणून गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये दिली. गॅरेज नीटनेटकं, फरशी बसवलेलं, बिल छापील. तिथल्या मुलाने पाच मिनिटांत निदान केलं : थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. 1,350. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी काटा पुन्हा वर. आता म्हणे रेडिएटर आतून चोक झाला आहे. नवीन रेडिएटर, नवीन कूलंट, 4,900. या वेळी दहा-बारा दिवस. मग म्हणे वॉटर पंपाचे पंखे झिजले असणार. 'असणार' हा शब्द मी ऐकला होता, पण काट्याची एवढी धास्ती बसली होती की मी हो म्हणाले. 2,600. पंप काढला तेव्हा मी उभी होते. त्याचे पंखे शाबूत होते. तरी नवा बसवला, कारण तोवर तो पाकिटातून बाहेर आला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात काटा पुन्हा हलला. तिथला मालक म्हणाला, आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधली सीलची पट्टी, गेलं असणार. इंजिन उघडावं लागेल, चौदा-पंधरा हजार धरा.

मी गाडी उचलली आणि शनिवारी दुपारी उद्यमनगर गाठलं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "तापती कुठं? शिग्नलला का पळताना?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला आठवायला वेळ लागला. दाभोळकर कॉर्नरला कितीही वेळ अडकलं तरी काटा हलत नव्हता. पंखा घुर्रर्र करून चालू व्हायचा आणि बंद व्हायचा. तापायची ती बाहेर पडून तीस-चाळीस किलोमीटर झाल्यावर, चढावर, एसी असताना.

"मग फॅन बरा हाय. पानी किती लागतंय?"

दोन-तीन दिवसांनी बाटलीत अर्धा लिटर घालत होते.

"खाली गळतंय?"

नाही. पार्किंगची फरशी कोरडी असायची.

त्यांनी ऑईलचं झाकण काढून उजेडात धरलं. पाणी ऑईलमध्ये मिसळलं की तिथे दह्यासारखा पांढुरका थर दिसतो, तो नव्हता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. हेड गॅस्केट त्यांनी तिथेच मनातून काढून टाकलं. म्हणाले, गाडी रातभर हितंच ठेवा, सकाळी या.

रविवारी सकाळी गेले तर त्यांनी बॉनेट उघडूनच ठेवलं होतं, काहीही न हलवता. रेडिएटरच्या वरच्या बाजूने इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप मधोमध चपटा झाला होता, सायकलच्या हवा गेलेल्या ट्यूबसारखा.

"बाई, ह्यो असा कधीपास्नं हाय?"

"रोज सकाळी असाच असतो."

"रोज?"

"मला वाटलं, तो तसाच बनवलेला असेल."

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं. मधे स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला रबराची चकती आणि त्या चकतीच्या मधोमध नखाएवढी आणखी एक छोटी पितळी चकती. ही छोटी चकती नखाने ओढली की सुटी झाली पाहिजे. माझी क्षाराने आणि गंजाने जागच्या जागी चिकटून बसली होती. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलं असणार. (हा 'असणार' मात्र मी मान्य करते, पांढरा थर डोळ्यांनी बघितला आहे.)

आता हे सांगायला मला संकोच वाटतो, पण मी विज्ञान शिकवते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे मी दरवर्षी प्रेशर कुकरचं चित्र काढून शिकवते. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्याच्यावर 0.9 असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त दाब ते आत धरून ठेवतं. त्यामुळे आतलं पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याहून वाढला की मोठी चकती उचलते आणि जादा कूलंट बाटलीत जातं. इंजिन गार झालं की आत पोकळी तयार होते, छोटी चकती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. माझ्या गाडीत जायचा रस्ता उघडा होता, यायचा बंद. रोज थोडं कूलंट बाहेर, मागून येणारी वाफ बाटलीतलंही उसळवून रस्त्यावर सांडायची. परत काहीच नाही. रेडिएटर हळूहळू रिकामा होत होता आणि मी भरत होते ती बाटली. रात्री आतल्या पोकळीने पाइप चोखून चपटा व्हायचा. गाडी रोज सकाळी मला स्पष्ट सांगत होती.

आणि नवीन रेडिएटर? त्याच्यावर गॅरेजवाल्या मुलाने जुनंच झाकण बसवलं होतं. नव्याबरोबर झाकण येत नाही, वेगळं घ्यावं लागतं.

मिस्त्रींनी पानाच्या पुडीच्या कागदावर मॉडेल लिहून दिलं. मी स्पेअर पार्टच्या दुकानातून झाकण आणलं. 240 रुपये. मजुरी विचारली तर म्हणाले, "झाकान लावायची कसली मजुरी!" त्यानंतर आजपर्यंत काटा अर्ध्याच्या वर गेलेला नाही.

त्या रात्री वहीत बेरीज केली. 1,350 अधिक 4,900 अधिक 2,600. 8,850 रुपये चुकीच्या अंदाजांचे. नवऱ्याचं म्हणणं, रेडिएटर आणि पंप नवीन झाले ना, पुढे कधीतरी घालावे लागलेच असते. असेल. पण ते मी ठरवून घातले असते.

एसीचीही अशीच गोष्ट, फक्त तिथे मी स्वतःच आंधळी झाले होते. गॅस कमी झाला की 1,300 देऊन भरून घ्यायचा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. असं तीन वेळा झालं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो; कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे. तिसऱ्या वेळी एसीवाल्याने गळती दिसावी म्हणून गॅसबरोबर नळ्यांत रंग सोडला. डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत होती. ती बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दिवसभर गाडीचं तोंड उचकटून ठेवल्यासारखं दिसत होतं. 6,400. आधीचे 3,900 हवेत गेले, अगदी शब्दशः. एसीशिवाय चालवावी असं तुम्ही म्हणाल, पण जुलैमध्ये गगनबावड्याच्या धुक्यात आणि पावसात चौघांच्या श्वासाने काच आतून पांढरी होते, आणि ती एसीनेच साफ होते. तिथे एसी चैनीचा नाही.

पावसाचं आणखी एक. डावीकडच्या पायपुसणीखाली पाणी साचायचं. शाळेत सगळ्यांनी छत्र्यांवर संशय घेतला. वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्या आत पानांचा कुजलेला लगदा बसला होता आणि पाणी जायची भोकं बुजली होती. एका रविवारी मी दातांच्या जुन्या ब्रशाने सगळं काढलं. शून्य रुपये. पण तोवर खालचा पत्रा दोन ठिकाणी सडला होता. त्याला वेल्डिंगने तुकडा मारून वर डांबरी लेप, 3,200.

बाकीचं भराभर सांगते. बॅटरी 4,100. मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑईल झिरपत होतं, ते आणि पुढचे पॅड मिळून 3,600. क्लच 6,700, पण त्याची तक्रार नाही, कारण तो वेळेवर कळला. चढावर इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे जात नव्हती. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. इंजिन झटक्यात बंद पडायला हवं होतं. ते घुरघुरत राहिलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच घातलं, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यावी लागते.

आणि उंदीर. ऊसतोड सुरू झाली की शाळेमागच्या फडातले उंदीर निवारा शोधतात आणि गरम इंजिन त्यांना आवडतं. वायरिंग कुरतडलं, 1,100. बॉनेटच्या आत तंबाखूची पानं बांधायचा सल्ला मिळाला. निपाणी इथून जवळ, पानांना तोटा नाही. उंदीर गेले, गाडीत महिनाभर आजोबांच्या चंचीचा वास येत होता.

अडीच वर्षांचे, नेहमीचं ऑईल बदलणं सोडून, 66,790 रुपये. त्यातले 15,700 चुकीच्या निदानाचे आणि माझ्या टाळाटाळीचे. सगळी खरेदी आटोपल्यावर 22 सप्टेंबर 2025 ला सुट्या भागांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. आमच्या नशिबात सवलत अशीच, वऱ्हाड गेल्यावर येणारी.

येत्या मार्चला गाडीला 15 वर्षं पूर्ण होतील. पुन्हा पासिंग करून घ्यावं लागेल. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 ची 5,000 झाली आहे, वर हरित कर वेगळा. झालं तर पाच वर्षांची नोंदणी मिळते. परवा मिस्त्रींकडे पासिंगआधीची तपासणी करून घ्यायला गेले. गाडी जॅकवर घेऊन त्यांनी सगळीकडे टॉर्च मारला, मग डावं मागचं चाक हाताने जोरात फिरवलं आणि मला म्हणाले, "बाई, कान लावा."

मी लावला. फार बारीक आवाज होता, जात्याला धान्य कमी पडल्यावर येतो तसा.

"काय आसंल?" त्यांनी विचारलं.

"व्हील बेअरिंग," मी म्हटलं. "ताशी 50 च्या पुढे गेलं की मागून घोंघावतं. डावीकडच्या वळणावर कमी होतं."

त्यांनी हात पुसत मान हलवली. वहीत 1,400 पेन्सिलने लिहिले आहेत.